साडेचार मिलिमीटरचं शिसं: माझ्या पेलेट चाचणीच्या नोंदी

एप्रिलमधल्या दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत साठ शॉट्सचा स्कोअर ६०९.४ आला. आकड्याचं दुःख नाही, तेव्हाचा सरावच तेवढा होता. पण त्यातले चार शॉट काही केल्या डोक्यातून जाईनात. ट्रिगर सुटला तेव्हा टार्गेटचं काळं वर्तुळ साइटच्या रिंगच्या मधोमध होतं, फॉलो-थ्रू, म्हणजे शॉट सुटल्यावरही स्थिर राहणं, नीट झाला, मी मनात १०.४ म्हणाले आणि स्क्रीनवर ९.७. चारही वेळा तेच, आणि चारही वेगवेगळ्या दिशांना. हात हलला असता तर मला कळला असता. दहा वर्षं रायफल घेऊन उभं राहिल्यावर एवढं तरी कळतं.

म्हणून ठरवलं की या पावसाळ्यात पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळीचा, सोक्षमोक्ष लावायचा.

परदेशात शिकारी रायफलीसाठी घरी काडतुसं भरणाऱ्यांचं लेखन मी आवडीनं वाचते. ओतीव शिशाच्या गोळीला बंदुकीची कोणती दारू घालायची, किती ग्रेन वजनाची, गोळी नळीच्या खाचांपेक्षा किती जाड ठेवायची, यावर ती मंडळी वर्षानुवर्षं प्रयोग करतात. शिसं मऊ, म्हणून वेग बेताचा ठेवावा लागतो, नाहीतर नळीत शिशाचा थर बसतो आणि नेम विखुरतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबली आणि काडतूस भरायचं तर शस्त्र कायद्याखाली परवाना हवा, त्यामुळे दारूची निवड आपल्या वाट्याला येत नाही. आपली दारू म्हणजे सिलिंडरमधली हवा, आणि ती रेग्युलेटर प्रत्येक शॉटला मोजून देतो. निवडायला उरतं ते फक्त शिसं. पण त्यांच्या लेखनातली एक गोष्ट मला जशीच्या तशी उपयोगी पडली: आधी नळी ओळखा, मग गोळी शोधा.

जून, पहिला शनिवार

पेलेटवर आरोप करण्याआधी रायफल तपासली. मुलुंडहून पहाटेची लोकल, दादरहून बस, आणि वरळीच्या रेंजवर आठ वाजता. क्लबमधल्या एका मुलाकडून क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजणारं यंत्र, मागून घेतलं. एकाच डब्यातले वीस पेलेट मारले. वेग सेकंदाला १७१ ते १७३ मीटर, त्याबाहेर एकही नाही. म्हणजे रेग्युलेटर ठीक.

घरी येऊन हिशेब मांडला, तो इथे देते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. १७२ मीटरच्या वेगानं निघालेल्या पेलेटला दहा मीटर कापायला सुमारे ०.०६ सेकंद लागतात. तेवढ्यात तो १७-१८ मि.मी. खाली उतरतो. साइट लावताना हे आपण सावरून घेतलेलंच असतं. वेग एक टक्क्यानं बदलला तर ही उतरण दोन टक्क्यांनी बदलते, म्हणजे जेमतेम ०.३५ मि.मी. टार्गेटवर स्कोअरचा प्रत्येक दशांश ०.२५ मि.मी.चा. माझ्या रायफलीत दिसलेला दोन मीटरचा फरक धरला तरी नुकसान दीड दशांशाचं, सातांचं नव्हे. शिवाय वेगातला फरक शॉटला फक्त वर किंवा खाली नेतो. माझे चार शॉट तर डावी-उजवीकडेही गेले होते. वेग निर्दोष सुटला, संशय पेलेटच्या घडणीवर आला.

दशांशांचं हे सगळं २०१३ नंतरचं. त्याआधी पात्रता फेरीत पूर्ण अंकच मोजत, १०.० आणि १०.९ दोन्ही दहाच. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत चारशेपैकी चारशे केले ते त्या पद्धतीत. तेव्हा आम्हा बायकांना शॉटही चाळीस असायचे, २०१८ पासून साठ झाले. पूर्वी दहाच्या आतल्या आत दडून जाणारा पेलेटचा दोष आता प्रत्येक शॉटला स्क्रीनवर दिसतो.

जून, तिसरा आठवडा: वजन

इथे मी दोन संध्याकाळी घालवल्या. मामांचं ठाण्याला सोन्याचं दुकान आहे, त्यांच्याकडे मिलिग्रॅम दाखवणारा काटा आहे. दुकान बंद झाल्यावर तिथे बसून अख्खा डबा, पाचशे नग, एकेक करून तोलला. डब्यावर ०.५३ ग्रॅम छापलेलं. प्रत्यक्षात ०.५२६ ते ०.५३६ मिळाले, बहुतेक सगळे ०.५२९ ते ०.५३२च्या मध्ये.

मग पुन्हा हिशेब. हवेची ऊर्जा तीच राहिली तर वजन एक टक्का वाढल्यावर वेग अर्धा टक्का घटतो. डब्यातला सर्वांत हलका आणि सर्वांत जड यांच्यात टार्गेटवर पडणारा फरक सुमारे ०.३५ मि.मी., आणि मधल्या मोठ्या गटात तर ०.१ मि.मी.च्या आसपास. दोन संध्याकाळींचं फळ अर्ध्या दशांशाहून कमी.

रेंजवर आम्ही ज्यांना नाना म्हणतो ते चाळीस वर्षं या खेळात आहेत. त्यांना कागद दाखवला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "वजन कर, नाही म्हणत नाही. पण त्याआधी स्कर्ट बघत जा."

त्यांचं बरोबर होतं. पेलेटचा आकार डमरूसारखा असतो. पुढचं डोकं सपाट, कंबर बारीक, मागचा घेर, म्हणजेच स्कर्ट, पोकळ आणि पातळ. डोकं नळीतल्या आट्यांवरून सरकतं, घेर हवेच्या दाबानं फुगून नळीला घट्ट बसतो आणि हवा अडवतो. घेराची कड एका बाजूला चेपलेली असेल तर पेलेट नळीच्या तोंडातून बाहेर पडताना हवा एका बाजूनं आधी सुटते आणि त्याला तिरका धक्का देते. त्याच डब्यातले तीन पेलेट असे निघाले. एक तर भिंगाखाली धरला तेव्हा घेर गोल नव्हे, चिंचोक्यासारखा दिसत होता. वजन मात्र तिघांचंही अगदी अचूक. काटा त्यांना कधीच पकडू शकला नसता.

तेव्हापासून ट्रेमध्ये ओतताना मी डबा उलटा करून आपटत नाही. फोमच्या कापडावर हलकेच ओतते, आणि प्रत्येक पेलेट चिमटीत घेतला की घेर उजेडाकडे फिरवून बघते. एक सेकंदही लागत नाही.

जुलै: डोक्याचा व्यास

डब्याच्या मागे चिकटवलेल्या छोट्या स्टिकरवर ४.४९, ४.५० असा आकडा असतो. हा डोक्याचा व्यास. दोन आकड्यांतलं अंतर मिलिमीटरचा शंभरावा भाग. एवढ्यानं काय होणार, असं मलाही वाटायचं. पण अंगठ्यानं पेलेट नळीत बसवताना फरक जाणवतो. माझ्या रायफलीत ४.४९ अलगद घसरतो, ४.५० शेवटी किंचित अडतो आणि मग बसतो. ओतीव गोळीवाले गोळी खाचांपेक्षा केसभर जाड का ठेवतात ते अंगठ्यालाच कळलं.

त्याच स्टिकरवर लॉट नंबरही असतो. खरी गोम तिथे आहे. पेलेट ज्या साच्यात दाबून घडवतात तो झिजत जातो, बदलला जातो. म्हणून एकाच कंपनीचा, एकाच व्यासाचा, पण वेगळ्या लॉटचा डबा हा वेगळाच पेलेट समजायचा. मोठे खेळाडू कंपनीत रायफल घेऊन जातात, लॉट तपासतात आणि आवडलेल्या लॉटचे हजारोंनी पेलेट उचलतात. आपल्याला ते परवडत नाही, पण पद्धत तीच वापरता येते.

जुलै-ऑगस्ट: व्हाइसवरची चाचणी

खांद्यावर धरून पेलेट तपासणं म्हणजे स्वतःलाच तपासणं. क्लबनं दोन शनिवार टेबलावरचा व्हाइस, म्हणजे रायफल घट्ट आवळून धरणारा शिकंजा, वापरू दिला. रायफलचा धातूचा भाग त्यात आवळला, लाकूड मोकळं ठेवलं. पेलेट बदलला की पहिले पंधरा शॉट मोजायचे नाहीत, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्यायची. मग दहा-दहाचे तीन ग्रुप (एकाच जागी मारलेल्या शॉट्सच्या भोकांचा झुबका, जितका लहान तितका चांगला) कागदावर, मागे जाड पुठ्ठा. सपाट डोक्यामुळे भोक स्वच्छ कापलं जातं, व्हर्नियरनं बाहेरून बाहेर मोजता येतं.

चार डबे होते. नावं मुद्दाम देत नाही, कारण माझ्या नळीचा निकाल तुमच्या नळीला लागू नाही.

क: व्यास ४.५०, एप्रिलच्या स्पर्धेत वापरलेला अर्धा डबा. ७.४, ६.९, ७.८ मि.मी.

ख: व्यास ४.४९, दुसरी कंपनी. याच्याबद्दल जरा सांगायला हवं. पहिल्या शनिवारी वेळ संपत आला होता म्हणून याचे पाचच शॉट मारले, आणि ग्रुप आला ५.२. पेलेटच मुळात साडेचारचा, म्हणजे पाचही जवळजवळ एकाच भोकातून गेले. मी त्याच संध्याकाळी दुकानदाराला फोन करून पाच डबे बाजूला ठेवायला सांगितले. पुढच्या शनिवारी दहाचे तीन ग्रुप मारले: ६.१, ८.०, ६.३. त्या ८.०मध्ये आठ शॉट एकत्र होते आणि दोन बाहेर. पाच शॉटमध्ये ते दोन आले नाहीत इतकंच. डबे नको म्हणून कळवलं. पाच शॉटच्या ग्रुपवर कुणी काही ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

ग: क चीच कंपनी, व्यास ४.५०, लॉट वेगळा. ५.६, ५.९, ५.७. तिसरा ग्रुप काढून हातात धरला तेव्हा भोक इतकं गोल होतं की नानांनी कागद उजेडाकडे धरून मागूनही पाहिला.

घ: स्वस्तातला सरावाचा. साडेनऊच्या पुढे. मोजणं थांबवलं.

हे काम करताना रेंजच्या कँटीनमधल्या वडापावला हात लावण्याआधी हात साबणानं धुवायचे. शिसं बोटांवर काळं दिसतं, तेव्हा तर दिसतंच, दिसत नाही तेव्हाही असतं. आणि पेलेट ओठात धरून लोड करणारे अजून भेटतात. त्यांना मी दर वेळी सांगते, पुढेही सांगत राहणार.

ऑगस्ट, शेवटचा आठवडा: प्लायवूडचा ड्रॉवर

इथे थांबले असते तर क वाईट आणि ग चांगला असं लिहून मोकळी झाले असते. पण क चा उरलेला डबा टाकून द्यायला काढला आणि त्यातला एक पेलेट भिंगाखाली गेला. घेराच्या आतल्या बाजूला पांढरट पूड होती. बोटानं पुसली तर पुसली गेली, खाली शिसं खरबरीत. दुसरा, तिसरा, तोच प्रकार. कंबरेच्या खाचेतही भुरकट थर.

शिशाला दमट हवा सोसते, पण आम्लाची वाफ सोसत नाही. लाकडातून, विशेषतः प्लायवूडमधून, थोडी थोडी आम्लाची वाफ सतत निघत असते. बंद जागेत ती साचते आणि दमटपणाच्या साथीनं शिशावर पांढरा क्षार धरते. शिशाच्या जुन्या वस्तू जपणारे म्हणूनच त्यांना लाकडी कपाटात ठेवत नाहीत. माझे डबे गेली दोन वर्षं, दोन पावसाळे, प्लायवूडच्या नव्या कपाटाच्या ड्रॉवरमध्ये होते. वापरातल्या डब्याचं झाकण मी नुसतं टेकवून ठेवायची. मुंबईच्या हवेत मीठ बरणीतसुद्धा ओलं होतं, तिथे हे व्हायचंच होतं.

त्याच क लॉटचा एक सीलबंद डबा नानांकडे निघाला, स्टीलच्या कपाटातला. त्यांनी पन्नास पेलेट दिले. पुन्हा व्हाइस, पुन्हा तीन ग्रुप: ६.२, ६.४, ६.१. ग इतका नाही, पण सव्वासातच्या पुढेही नाही. एप्रिलमध्ये माझ्या शॉट्सना जो तिरका धक्का बसत होता त्यातला मोठा भाग मी ज्या ड्रॉवरमध्ये डबे ठेवले त्याचा होता.

आता सगळे डबे स्वयंपाकघरातून काढून आणलेल्या स्टीलच्या जुन्या डब्यात, झाकणाला रबराची कड, आत सिलिका जेलच्या चार पुड्या. डब्यावर मोठ्या अक्षरात "खाऊ नये" लिहून तो सर्वांत वरच्या फळीवर, बेडरूममध्ये. स्वयंपाकघरात मुद्दाम नाही.

ऑक्टोबर

ग लॉटचे दुकानात बारा डबे शिल्लक होते. चार नानांनी घेतले, आठ मी. प्रत्येक झाकणावर मार्करनं लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख.

क्लबमधली आपापसातली स्पर्धा काल झाली. ६१४.२. चारच्या जागी एकच शॉट असा आला की कॉल आणि स्क्रीन जुळले नाहीत. मी १०.३ म्हणाले, ९.९ आला. तो चाळिसावा होता, तेव्हा माझा श्वास चढला होता, त्यामुळे त्याचं खापर मी शिशावर फोडत नाही.

आठवड्याला दोनशेच्या हिशेबानं हे चार हजार पेलेट मार्चच्या सुरुवातीपर्यंत पुरतील. दुकानदाराला सांगून ठेवलंय की नवा माल आला की आधी प्रत्येक लॉटचा एकेक डबा माझ्यासाठी काढ. व्हाइस फेब्रुवारीतल्या शेवटच्या दोन शनिवारांसाठी आजच मागून ठेवला.