एनआरव्ही सुटला! 1914 च्या प्रायमसची पुढची हकिगत

मंडळी, सुटला एकदाचा. माझ्या जुन्या प्रायमसच्या, म्हणजे पंपाने हवा भरायच्या रॉकेल स्टोव्हच्या, पंपनळीच्या तळाशी रुतून बसलेला एनआरव्ही (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, हवा उलटी येऊ न देणारी झडप) आटे सोडून वर आला, आणि चावी अडकवायची त्याची पितळी जीभ शाबूत आहे. हा सुटला नाही तर तळावरच्या ‘डी’ शिक्क्यापुरती (प्रायमसवर 1914 सालची ही खूण) टाकी कपाटात ठेवायची, असं मागच्या वेळी लिहिलं होतं. तो विचार आता रद्द. हा स्टोव्ह पेटणार.

लक्षणं तुम्हाला आठवत असतील. हवा भरून हात काढला की दांडा आपोआप वर यायचा. चामड्याचा वॉशर बदलला तरी फरक पडला नाही, आणि पडणारही नव्हता. वॉशर हवा आत ढकलतो. ती कोंडून ठेवायचं काम एनआरव्हीचं. स्प्रिंगने दाबलेली बुचाची एवढीशी टिकली, आणि टाकीतला दाब तिलाच भोकावर आणखी घट्ट बसवतो. टिकली गेली की रॉकेल उलटं पंपात चढतं आणि पेटत्या बर्नरपासून वीतभर अंतरावर दांड्याच्या कडेने झिरपतं. स्टोव्हच्या भडक्यात आपल्याकडे किती बायका गेल्या हे आपण सगळे जाणतो. म्हणून हवा न धरणारी टाकी मी काडीजवळ नेत नाही, फोटोपुरतीसुद्धा नाही.

खरी लढाई एनआरव्ही सोडवायच्या चावीची होती. ऑनलाइन मागवलेली चावी दिसायला झकास, पण तोंडाची खाच जिभेपेक्षा रुंद आणि पोलाद मऊ. जोर लावला की चावी किंचित तिरपी व्हायची आणि सगळा ताण जिभेच्या दोन कोपऱ्यांवर यायचा. जीभ तुटली तर ड्रिल मारावं लागतं, आणि पंपनळी टाकीला डाखाने जोडलेली असते, म्हणजे तीही हलण्याची भीती. मग लेथवाल्या काकांकडून सळईची नवी चावी करून घेतली. खाच मी स्वतः कानशीने घासली, जीभ सरकत आत जाईल पण हलणार नाही इतपतच. शिवाय चावीवर पंपनळीच्या आतल्या मापाची पितळी कडी चढवली. त्या कडीमुळे चावी बरोबर मध्यावर उभी राहते. एवढी एक गोष्ट तुम्ही करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

अडकलेला एनआरव्ही सैल करायला टॉर्चने किंवा उकळत्या पाण्याने गरम करण्याबद्दल तुमच्यापैकी काहींचं मत वेगळं होतं, तर माझं सांगते. टॉर्च नको. कथील-शिशाचा डाख 183 अंशांपासून वितळायला लागतो, आणि ज्योतीखाली पातळ पितळ तिथवर क्षणात पोचतं. उकळतं पाणी सुरक्षित, पण त्याने आटे सैल होतील हा तर्क मला पटत नाही. पितळात पितळ, दोन्ही सारखंच प्रसरण पावणार. आटे धरून ठेवले होते ते वाळून लाखेसारख्या झालेल्या जुन्या रॉकेलने. म्हणून टाकीच्या आत-बाहेर गरम पाणी, मग सगळं पुसून, वाळवून, थंड झाल्यावर पंपनळीत अ‍ॅसिटोन ओतून रात्रभर मुरू दिलं, खिडक्या उघड्या ठेवून. सकाळी चावी आधी किंचित आवळली, मग उलटी फिरवली. टक्! तो आवाज मी किती दिवस मनात ऐकत होते.

आत बुचाचा नुसता भुगा. शिशाचा वॉशर कागदासारखा चपटा झालेला. पण स्प्रिंग अजून जिवंत, आणि टिकली टेकते त्या बसकेवर एक ओरखडा नाही. शंभरावर वर्षं झालेल्या वस्तूत एवढं टिकावं याचं मला खरोखर प्रेम वाटतं. स्वीडिश साहसवीर आंद्रे आणि त्याचे दोन साथीदार 1897 मध्ये बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले आणि परतले नाहीत. 1930 मध्ये आर्क्टिकमधल्या क्वितओया बेटावर त्यांचा तळ सापडला, तेव्हा त्यांचा प्रायमस चालू स्थितीत होता. तेहेतीस वर्षं बर्फात! प्रायमसचा जनक लिंडक्विस्ट याने 1892 मध्ये स्टॉकहोमला ही रचना केली ती ब्लो-लॅम्पच्या, म्हणजे हातात धरायच्या ज्योतीच्या दिव्याच्या, धर्तीवर. ज्योत आडवी न सोडता वर वळवली, आणि वात काढून टाकून रॉकेल आधी तापल्या नळ्यांत वाफ होऊ दिलं. म्हणून काजळी नाही. तो बर्नर आणि हा एनआरव्ही, दोघांनी मिळून स्वयंपाकघर बदललं.

टिकलीसाठी साधं रबर वापरू नका, रॉकेलमध्ये फुगतं. मी नायट्राइलच्या (रॉकेलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या) शीटमधून पोकळ पंचने काढली. शिशाचा वॉशर मासेमारीच्या वजनातून ठोकून केला, छान बसला. बर्नर सोडवायला नेमक्या मापाचा पानाच घ्या. अ‍ॅडजस्टेबल पाना स्वीडिश योहानसनचा, पेटंट 1892 चंच, आणि जगभर विकला तो बी. ए. ह्योर्थच्या पेढीने, म्हणजे प्रायमस विकणाऱ्यांनीच. हा योग मला फार आवडतो, तरीही जुन्या पितळी षटकोनावर तो पाना मी लावत नाही. जबडा जरा ढिला पडला की कोपरे गेले.

मग हवा भरून टाकी बादलीत बुडवली. एनआरव्हीतून एकही बुडबुडा नाही! दांडा जिथल्या तिथे. आणि मग वर, राइझर (टाकीतून बर्नरकडे जाणारी उभी नळी) टाकीला जिथे जोडलाय तिथून, सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची बारीक माळ. म्हणजे डाख तिथे चिरलाय.

बेत असा होता की आता पॉलिश करायचं आणि दिवाळीआधी पेटवायचा. पॉलिश आता मागे ढकललं. डाख लावायच्या जागेवर त्याचा मेणचट थर नकोच. राइझर मी घरी जोडणार होते, पण लिहिता लिहिताच वाटतंय की जुना डाख पूर्ण काढून नव्याने भरायचा तर पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत एखाद्या जाणत्या हाताला दाखवावं. त्यांना पातळ पत्र्याची उष्णता डोळ्यांनी कळते. एनआरव्ही तोवर काढून ठेवते, टिकली उगाच तापायला नको. आणि माझ्या दुसऱ्या, देशी स्टोव्हमध्ये नायट्राइलऐवजी व्हायटन या दुसऱ्या कृत्रिम रबराची टिकली घालते. एकाच रॉकेलवर दोन्ही चालवले की फरक दिसेल.

1914 च्या आसपासच्या रोअरर (घुरघुरत जळणाऱ्या) बर्नरची मूळ टोपी कुणाकडे असेल तर व्यास आणि उंची व्हर्नियरने मोजून कळवा. माझ्याकडची नंतरची असावी, ज्योत एका बाजूला ओढेल अशी शंका आहे.