श्रद्धेचं निवेदन जोडा

आमच्या क्षेत्रात नोकरीच्या जाहिराती ऑगस्टच्या अखेरीपासून यायला लागतात. अमेरिकेतल्या तत्त्वज्ञानाच्या बहुतेक जागा ‘फिलजॉब्स’ या संकेतस्थळावर लागतात आणि पीएच.डी. संपत आलेला प्रत्येक जण सकाळी चहाआधी तेच उघडतो. जाहिरातीत दोन गोष्टी ठळक असतात. एओएस म्हणजे तुमचं संशोधन कशात, आणि एओसी म्हणजे त्याशिवाय काय शिकवू शकाल. माझं एओएस दुहेरी होतं: अर्ली मॉडर्न, म्हणजे साधारण देकार्तपासून कांटपर्यंतचा काळ, आणि धर्माचं तत्त्वज्ञान.

पुण्यात एम.ए. करताना हे दोन विषय वेगळे असतील असं मनातही आलं नव्हतं. स्पिनोझा देवाबद्दल लिहितो, लायब्निझ देवाबद्दल लिहितो. देव वगळून सतरावं शतक शिकवायचं तरी कसं? इथे आल्यावर कळलं की हे दोन वेगळे वाडे आहेत आणि मधल्या दाराला कडी आहे. इतिहासवाले विचारतात, मूळ लॅटिनमध्ये काय आहे, पत्र कोणत्या सालचं, ते लिहिताना समोर कोणाचं पुस्तक होतं. धर्मवाले विचारतात, ते सगळं ठीक, पण युक्तिवाद बरोबर आहे का? अर्जासोबत जोडायचा माझा लेखनाचा एकच नमुना दोघांनी वाचला. एकांना त्यात तर्क जास्त वाटला, दुसऱ्यांना तारखा. शेवटी गाईडबाई म्हणाल्या, दोन नमुने ठेव. ठेवले.

माझा प्रबंध पिएर बेल आणि लायब्निझ यांच्या वादावर होता. बेल हा फ्रान्स सोडून रॉटरडॅमला आलेला प्रोटेस्टंट. 1697 च्या त्याच्या कोशात मॅनिकियन या जुन्या द्वैतवादी पंथावर एक नोंद आहे, आणि खरा मजकूर नोंदीखालच्या लांबलचक टिपांमध्ये आहे. तो म्हणतो, जगात इतकं दुःख आणि पाप आहे की अनुभवाकडे बघितलं तर एक चांगला देव मानण्यापेक्षा चांगलं आणि वाईट अशी दोन तत्त्वं मानणारेच वरचढ ठरतात. बुद्धीने त्यांना हरवता येत नाही, म्हणून श्रद्धा धरायची. तो हे मनापासून म्हणतो की डोळा मारून, यावर अभ्यासक आजही भांडतात. लायब्निझने 1710 मध्ये ‘थिऑडिसी’ हा देवाची बाजू मांडणारा ग्रंथ लिहून उत्तर दिलं, तोवर बेलला जाऊन चार वर्षं झाली होती. माझं स्पष्ट मत आहे की प्रश्न विचारण्यात बेल कितीतरी सरस आहे. अर्जात मात्र असं लिहायचं नसतं. तिथे ‘दोघांचा नव्याने विचार’ वगैरे लिहितात.

या कामाला लॅटिन आणि फ्रेंच लागतंच. वर्गातले अमेरिकन मित्र लॅटिनच्या विभक्तींनी घायकुतीला आले होते. मी शाळेत देव-देवौ-देवाः घोकलेली, त्यामुळे मला ते घरचंच वाटलं. एका उन्हाळ्यात हॅनोव्हरला गेले. तिथल्या ग्रंथालयात लायब्निझचे सुमारे दोन लाख पानांचे कागद आहेत, आणि ते सगळं छापणाऱ्या ‘अकादमी आवृत्ती’चा पहिला खंड 1923 मध्ये निघाला असूनही ती अजून पुरी झालेली नाही.

आता अर्जाकडे. पत्र, सीव्ही, लेखनाचा नमुना, संशोधनाचं आणि अध्यापनाचं निवेदन, तीन शिफारसपत्रं. पूर्वी पहिली मुलाखत तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या नाताळनंतरच्या अधिवेशनात हॉटेलच्या खोलीत व्हायची, कधी कधी पलंगाच्या कडेवर बसून. आता ती झूमवर होते, त्याबद्दल देवाचे, किंवा बेलच्या हिशेबाने दोघांपैकी चांगल्याचे, आभार.

धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या जागांपैकी बऱ्याच ख्रिस्ती महाविद्यालयांत असतात. त्यातल्या काही जाहिरातींच्या तळाशी ओळ असते: श्रद्धेचं निवेदन जोडा. काही ठिकाणी पंथाच्या श्रद्धा मान्य असल्याच्या मसुद्यावर सहीच करावी लागते. माझे आजोबा माळकरी. घरी एकादशी चुकत नाही. मी स्वतः कुठे आहे हे मलाच नीट सांगता येत नाही, आणि सही तर करताच आली नसती. ते अर्ज मी भरले नाहीत.

त्या दिवसांत स्पिनोझाचं एक पत्र वारंवार वाचत होते. 1673 मध्ये त्याला हायडेलबर्गला प्राध्यापकपद देऊ केलं गेलं. विचाराचं पूर्ण स्वातंत्र्य मिळेल, फक्त प्रस्थापित धर्माला धक्का लावण्यासाठी ते वापरणार नाही असा विश्वास आहे, असं निमंत्रणात होतं. त्याने नम्रपणे कळवलं की त्या स्वातंत्र्याची हद्द कुठे संपते हे मला कळत नाही, आणि नकार दिला. भिंगं घासून जगणाऱ्याला ते जमलं. माझा व्हिसा विद्यार्थ्याचा होता. पदवीनंतर काम करायला विज्ञानवाल्यांना तीन वर्षांपर्यंत मुभा मिळते, तत्त्वज्ञानवाल्यांना एकच.

कॅथलिक महाविद्यालयांचं गणित वेगळं निघालं. तिथे धर्मशास्त्र शिकवणाऱ्या कॅथलिक प्राध्यापकाला बिशपची संमती लागते, तत्त्वज्ञानाला लागत नाही. शिवाय यातल्या बऱ्याच ठिकाणी तत्त्वज्ञान सगळ्या विद्यार्थ्यांना सक्तीचं असतं, म्हणून जागा निघतात. मागतात ते ‘मिशन’बद्दलचं निवेदन: संस्थेच्या ध्येयात तुम्ही काय भर घालाल? मी लिहिलं की देव चांगला असेल तर हे असं का, हा प्रश्न मी वर्गात शेवटपर्यंत उघडा ठेवते, आणि श्रद्धावान विद्यार्थ्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते. गाईडबाईंना ते धाडसी वाटलं. मी बदललं नाही.

मुलाखतींत एक प्रश्न हमखास यायचा: भारतीय तत्त्वज्ञान शिकवाल ना? नाव बघून विचारलेला हा प्रश्न मला खुपायचा. नॉर्वेच्या माणसाला कोणी वायकिंग शिकवता का विचारत नाही. पण एका ठिकाणी धर्माच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम आखून अर्जाला जोडायचा होता आणि बेलशेजारी काय ठेवावं याचा विचार करताना ब्रह्मसूत्र आपोआप समोर आलं. दुसऱ्या अध्यायातलं ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्’. ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, या आक्षेपावर शंकराचार्य म्हणतात, तो जीवांच्या कर्मानुसार फळ देतो. मग पहिलं कर्म कुठून आलं? पुढचंच सूत्र सांगतं, संसार अनादि आहे.

प्रत्यक्ष भेटीला बोलावलं तेव्हा नमुन्याच्या तासाला मी हेच घेतलं. आधी बेलचा दाखला: नाचाला गेली तर मुलगी फसेल हे पक्कं ठाऊक असूनही तिला जाऊ देणारी आई निर्दोष कशी? मग शंकराचार्यांचं उत्तर. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, सुरुवातच नाही म्हटल्याने प्रश्न सुटला कुठे, तो फक्त मागे सरकत राहिला. दुसरी म्हणाली, पण निदान आईवरचा आरोप तरी गेला. तास संपला तरी ती दोघं थांबेनात आणि मीही थांबवलं नाही. निवड समितीतले एक वयस्कर पाद्री प्राध्यापक वही मिटून ऐकत होते. जेवताना त्यांनी मला माझ्या श्रद्धेबद्दल अवाक्षर विचारलं नाही. अनादि संसाराला बेलने काय उत्तर दिलं असतं, एवढंच विचारलं, आणि आम्ही गोडाचा पदार्थ येईपर्यंत त्यावरच बोललो.

नोकरी मिळाली ती तिथेच. दर सत्राला चार वर्ग, त्यातले तीन सक्तीचे, म्हणजे तपासायच्या निबंधांचे ढीग. विद्यापीठं आणि महाविद्यालयं नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या वार्षिक सोडतीतून वगळलेली असतात, त्यामुळे ते काम सुरळीत झालं. टेन्युअरचा, म्हणजे नोकरी कायम होण्याचा, अर्ज सहाव्या वर्षी. त्यात ‘मिशन’बद्दलचं निवेदन पुन्हा लागतं. जुनंच देणार आहे, फक्त त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा आक्षेप त्यात घालीन म्हणते.