गोल्फच्या वेजचे शाफ्ट बदलून घेतले त्याची हकिकत

माझ्या गोल्फच्या आयर्न क्लबमध्ये निप्पॉनचे एन. एस. प्रो ९५०जीएच शाफ्ट (क्लबचे दांडे) आहेत, रेग्युलर फ्लेक्सचे, म्हणजे मध्यम लवचीक, साधारण ९५ ग्रॅमचे. ५०, ५४ आणि ५८ अंशांचे वेज (जवळच्या फटक्यांचे, जास्त तिरप्या तोंडाचे क्लब; अंश म्हणजे तो तिरपेपणा) मात्र तयार घेतलेले. त्यांचे शाफ्ट १३० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आयर्नच्या संचातला पिचिंग वेज ठेवून ५० उचलला की हातात एकदम ३५ ग्रॅम जास्त. पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर खेळताना फुल शॉटला हे फार जाणवायचं. चेंडू खालून निघायचा आणि ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या हिरवळीच्या) उजवीकडे पडायचा. अर्ध्या स्विंगला तेच वेज छान चालायचे. असं का, ते समजून घ्यायला फिटरकडे, म्हणजे खेळाडूला साजेसे क्लब बसवून देणाऱ्याकडे, गेलो.

शाफ्टवर ‘वेज फ्लेक्स’ एवढंच छापलेलं. फिटर म्हणाला, याचं ठरलेलं असं माप नाही. बहुतेक वेळा तो स्टिफच्या (कडक) जवळपास असतो. रेग्युलर आणि स्टिफचंही तेच. एका कंपनीचा ‘आर’ (रेग्युलर) दुसरीच्या ‘एस’इतका (स्टिफइतका) कडक निघू शकतो. म्हणून आधी वजन, मग फ्लेक्स. हा क्रम मला पूर्ण पटला. दुकानात आपण सगळे आधी अक्षरच बघतो.

लॉन्च मॉनिटरवर (चेंडूचा वेग, उंची, दिशा मोजणारं यंत्र) आधी फुल शॉट मारले. ५० अंशाच्या वेजला हलका, रेग्युलर शाफ्ट लावल्यावर चेंडू वर चढला आणि उजवीकडे जाणं बरंचसं थांबलं. मग चाळीस-पन्नास यार्डांचे पिच, म्हणजे छोटे उंच फटके. इथे शाफ्ट बदलला तरी आकडे जवळजवळ तेच, कारण इतक्या कमी वेगात शाफ्ट फारसा वाकतच नाही. पण हाताला फरक कळत होता. अगदी हलक्या शाफ्टने माझे हात घाई करत होते. थोडं वजन असलं की क्लबचं डोकं कुठे आहे ते समजायचं आणि लय टिकायची. या भागाला मी मुद्दाम जास्त वेळ दिला, कारण ५४ आणि ५८ने मी फुल शॉट क्वचितच मारतो. बंकर (वाळूचा खड्डा), चिप (ग्रीनजवळचा छोटा, बुटका फटका) आणि छोटे पिच, हेच त्यांचं काम.

टायगर वुड्सने अनेक वर्षं आयर्नमध्ये डायनॅमिक गोल्ड एक्स१०० शाफ्ट आणि वेजमध्ये एस४०० वापरला. दोन्हींचं वजन जवळपास सारखं, वेजचा शाफ्ट मात्र जरा नरम. हे शाफ्ट आपल्याला झेपणारे नाहीत, पण त्या दोन शाफ्टमधलं नातं उचलण्यासारखं आहे.

शेवटी ५० अंशाला आयर्नचाच ९५०जीएच बसवला, कारण तो मी आयर्नसारखाच मारतो. ५४ आणि ५८ला केबीएस टूरचा रेग्युलर, ११० ग्रॅमचा. शाफ्ट सुमारे ९ ग्रॅमने हलका झाला की स्विंगवेट (स्विंग करताना क्लबचं डोकं किती जड वाटतं त्याचं माप) एका अंकाने उतरतं, त्यामुळे डी५वरून हे दोन डी३च्या आसपास आले. माझ्या हाताला ते बरोबर वाटलं, म्हणून क्लबच्या डोक्यात वजन भरायला सांगितलं नाही. जुने शाफ्ट गरम करून काढले, नवे इपॉक्सीने चिकटवले आणि ते सुकायला क्लब रात्रभर तिथेच ठेवले.

फिटिंगला जाणार असाल तर सातचा आयर्न नक्की न्या आणि त्यातल्या शाफ्टचं वजन आधी विचारा. मॉनिटरसमोर फुल शॉटवर थांबू नका. अर्धे स्विंगही मारून बघायचेत, असं सुरुवातीलाच सांगा.