पंचांग बघून गोवा

माघातल्या पौर्णिमेला आम्ही डिचोलीला मामाकडे होतो. तारीख मामानेच ठरवली होती. "खाजन बघायचं तर उधाणाच्या दिवसांत या," म्हणाला. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन.

सकाळी नार्व्याहून फेरीने दिवाडीला गेलो. बांधाच्या एका बाजूला मांडवी काठोकाठ भरलेली आणि दुसऱ्या बाजूला तिच्याहून खाली असलेली शेतं. मध्ये मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटत होतं, त्यामुळे झडपा घट्ट मिटलेल्या. फळ्यांच्या फटींतून बारीक चिळकांड्या उडत होत्या, लाकूड कण्हल्यासारखं वाजत होतं. ओहोटी लागली की आतलं पाणी याच झडपा ढकलून बाहेर पडतं. ना मोटर, ना वीज. चंद्राच्या ओढीवर चालणारं हे दार बघायला मी गोव्याला पुन्हा जाईन.

चंद्राला सूर्याचीही साथ असते. सूर्य प्रचंड, पण फार लांब. भरतीचा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, म्हणून सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी. अमावस्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास ती काटकोनात असते, तेव्हा भांगाची भरती. गोव्यात उधाणाला पाणी साधारण 2 मीटर चढतं-उतरतं, भांगाला त्याहून बरंच कमी.

दुसऱ्या दिवशी पाळोळे. किनाऱ्याच्या उत्तर टोकाच्या बेटावर ओहोटीला चालत जाता येतं. साडेपाचला पाणी पार उतरलं होतं, घोट्याइतक्या पाण्यातून गेलो. सूर्यास्तानंतरही फोटो काढत बसलो ही आमची चूक. सव्वासातला परतताना पाणी मांडीला लागलं, अंधारात खडक दिसेनात, आणि कालवांच्या धारेने बायकोचा तळपाय चिरला.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो. पौर्णिमा-अमावस्येला गोव्याच्या किनाऱ्यावर भरती साडेदहा-अकराच्या आसपास आणि ओहोटी साडेचार-पाचच्या सुमारास असते; पुढे रोज सुमारे 50 मिनिटं उशीर धरा. हा अंदाज झाला, बेटावर जायचं तर त्या दिवशीचं भरतीचं कोष्टक बघा आणि तिथल्या होडीवाल्याला विचारा. ओहोटीच्या आधी तासभर निघा, पाणी फिरायच्या आत परता. पहिल्या तासात ते जेमतेम चढतं आणि माणूस गाफील राहतो; तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी भरती येते. पायात पट्ट्याचे, जाड तळाचे सँडल हवेत. पावसाळ्यात हा बेत नकोच. अष्टमीच्या आसपास गेलात तर पाणी पुरेसं उतरेलच असं नाही.

दिवाडीला मात्र भरतीच्या वेळीच जा आणि ओहोटी लागेपर्यंत थांबा. आम्ही जेवायला निघून आलो, झडपा उघडताना बघायच्या राहिल्या.