तुम्ही विचारलंत म्हणून: या दुकानाच्या जागी आधी काय होतं?

इंग्लंडमधल्या लीड्स, हॅलिफॅक्स, हडर्सफील्डकडे नव्यानं राहायला आलेली आपली मंडळी हमखास विचारतात, की मुख्य बाजारातल्या एखाद्या इमारतीत पूर्वी कसलं दुकान किंवा पब होता, हे नुसतं बघून कसं ओळखायचं?

पाटी बघूच नका. नवा भाडेकरू आला की तळमजल्याची काच, पाटी, दार सगळं बदलतं. वरच्या मजल्यांवर मात्र कुणी पैसे घालत नाही. म्हणून समोरच्या फुटपाथवर उभं राहून मान वर करायची, आणि मग जवळ येऊन उंबऱ्यापाशी वाकायचं.

सुरुवात बर्टनपासून करा, कारण ही दुकानं ओळखायला सगळ्यात सोपी. माँटेग्यू बर्टन हे लीड्सचे कपडेवाले; त्यांनी गावोगावी मोक्याच्या कोपऱ्यावर स्वतःच्या इमारती बांधल्या. १९३०च्या दशकातल्या बर्टन इमारतीला पांढरट किंवा काळा गुळगुळीत दगड, उभ्या उंच खिडक्या, ‘आर्ट डेको’ (त्या काळातली सरळ, भौमितिक रेषांची शैली) नक्षी असते. काहींच्या खांबांवर हत्तीची मुंडकीसुद्धा आहेत. पण पक्का पुरावा जमिनीलगत सापडतो. दर्शनी खांबांच्या पायथ्याशी कोनशिला असते, आणि तिच्यावर बर्टन यांच्या चार मुलांपैकी एकाचं नाव आणि साल: बार्बरा जेसी, स्टॅन्ली हॉवर्ड, रेमंड माँटेग्यू किंवा अर्नोल्ड जेम्स. तिथे ‘शिंपी’ किंवा ‘दुकान’ असा शब्द नसल्यामुळे लोक ती कुणा नगरसेवकाची समजून पुढे जातात. रंगाचे थर चढून अक्षरं बुजली असतील, तर मोबाइलचा टॉर्च दगडाला चिकटवून बाजूनं तिरका मारा. खोदलेल्या अक्षरात सावली पडते आणि नाव वाचता येतं. बाजूला एखादं वेगळं दार आणि आत सरळ वर जाणारा जिना दिसला, तर वर बहुधा बिलियर्ड्सचा हॉल होता. तरुणांनी पबऐवजी तिथे वेळ घालवावा, हा त्यामागचा हेतू सांगतात.

दगडात कोरलेलं मधमाशांचं पोळं दिसलं, की ती बहुधा को-ऑपची, म्हणजे सहकारी संस्थेची इमारत. १८४४मध्ये रॉचडेलच्या टोड लेनवर सुरू झालेल्या सहकारी दुकानाची ही भावंडं. इथे वर ‘इंडस्ट्रियल सोसायटी’ अशी अक्षरं असतात आणि ती वाचून गिरणीची कचेरी असल्याचा घोटाळा होतो.

पबसाठी आधी फुटपाथ बघा. भिंतीलगत लाकडी किंवा लोखंडी दुपाखी झडप असेल, तर खाली तळघर आहे आणि तिथून बिअरची पिंपं उतरवली जात. एवढ्यावर मात्र निकाल देऊ नका, कारण इतर दुकानांनाही मालासाठी अशा झडपा होत्या. जोडीला चकाकत्या फरशांचं दर्शनी तोंड बघा. कोळशाची काजळी त्यावरून पाण्यानं धुतली जायची. शिवाय खिडकीच्या दुधी काचेवर ‘स्मोक रूम’, ‘टॅप रूम’ अशी पबमधल्या खोल्यांची नावं. लीड्समध्ये कमरेत वाकून मुजरा करणाऱ्या दरबाऱ्याचं चित्र दिसलं, तर ते मेलबर्न ब्रुअरीचं, म्हणजे तिथल्या बिअर बनवणाऱ्या कंपनीचं. ती १९६०मध्ये टेटली या दुसऱ्या बिअर कंपनीनं घेतली, आणि १८२२पासूनची टेटलीची लीड्सची ब्रुअरीही २०११मध्ये बंद झाली. ब्रुअरी गेली तरी तिची खूण भिंतीवर टिकते, हे मला या गावांचं मोठं देणं वाटतं.

काही पब रस्त्यावरून दिसतच नाहीत. लीड्समध्ये १२०७च्या सनदेनंतर (गावाला हक्क देणारा दस्तऐवज) ब्रिगेट या मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांब, चिंचोळे भूखंड पाडले गेले. रस्त्याकडचं तोंड अपुरं पडलं तसं मागे बांधकाम वाढत गेलं आणि मधे बोळ उरले. १७१५पासूनचा व्हाइटलॉक्स हा पब असल्याच एका बोळात लांबच लांब पसरलेला आहे. म्हणून ‘यार्ड’ अशी पाटी दिसली की आत शिरून बघा.

आता साल. नव्या पाटीमागून जुनी रंगवलेली पाटी उघडी पडली, तर फोन नंबर वाचा. लीड्सचा कोड ०५३२ असेल, तर पाटी एप्रिल १९९५च्या आधीची. नंतर तो ०११३ झाला. हॅलिफॅक्सचा ०४२२ तेव्हाच ०१४२२ झाला. किंमत शिलिंग या जुन्या नाण्यात असेल तर पाटी फेब्रुवारी १९७१च्या आधीची, कारण तेव्हा चलन दशमान झालं. लीड्सच्या फोटोत ट्राम धावताना दिसली तर तो १९५९च्या नंतरचा असूच शकत नाही.

जुन्या व्यापारी डिरेक्टऱ्यांत (रस्त्यांनुसार दुकानदारांच्या छापील याद्या) पत्ता शोधताना घरक्रमांकावर विसंबू नका. रस्त्यांचे क्रमांक मधेच बदलले गेलेत. यादीत आडवी गल्ली कुठे येते ते बघा आणि तिथून दुकानं मोजत या. लीड्ससाठी ग्रंथालयाचा लिओडिस हा फोटोसंग्रह आहेच. गावातल्या आजी-आजोबांना विचारणार असाल तर साल विचारू नका, शेजारी कोणतं दुकान होतं ते विचारा. साल चुकतं, शेजार सहसा बरोबर आठवतो, आणि डिरेक्टरीत दोन नावं लागोपाठ सापडली की जागा पक्की.