तुम्ही विचारलंत म्हणून: मेश आहे, मग ही वायर कशाला?

गणपतीत आमच्या ओटीवर येणारा प्रत्येक माणूस आधी देवाला नमस्कार करतो, मग मान वर करून चौकटीवरून गेलेली निळी वायर बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. "तीन डब्यांचं मेश घेतलंयस ना तू? मग ही वायर कशाला?" (मेश म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेले वाय-फायचे डबे, जे एकमेकांशी बिनवायरनं बोलून घरभर एकच नेटवर्क पोचवतात.) काका विचारतात, मुंबईहून आलेले चुलतभाऊ विचारतात, व्हिडिओ कॉलवर मागे ती दिसली की ऑफिसातलेही विचारतात. "असंच, जरा बरं चालतं," म्हणून मी विषय मोदकांवर नेतो. यंदा तिसऱ्या माणसानं विचारलं तेव्हा ठरवलं, एकदाचं लिहूनच टाकू.

रत्नागिरीजवळचं आमचं घर तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलंय. पुढं ओटी, मध्ये माजघर, मागं एक खोली आणि मागची पडवी. सगळ्या भिंती चिऱ्याच्या, आजोबांनी बांधलेल्या, हात लावला तर मे महिन्यातही गार. अशा भिंतीतून वाय-फाय जायचं म्हणजे परीक्षाच. पावसाळ्यात जांभा पाणी पितो तेव्हा तर विचारूच नका. फायबर येतं ओटीवर, आणि माणसं काम करतात मागच्या खोलीत. हा सगळा घोळ तेवढ्यामुळे.

मेश घेताना मी काय काय बोललो होतो ते मला आठवतंय, आणि तुम्हालाही आठवत असणार, म्हणून आधीच कबूल करतो. वायर म्हणजे मागासलेपणा, असं मी म्हणालो होतो. रेंज पुढं ढकलणारा साधा एक्सटेंडर लावणाऱ्या मावसभावाला मी हसलो होतो. तीन डबे, एक ॲप, सगळ्या घराला एकच नाव आणि एकच पासवर्ड. अर्ध्या तासात सुरू. सुरू झालंही. कुठला मोड ठेवायचा ह्या घोळात प्रिंटर हरवला, दोन दिवस गेले, ते सोडा. ते सगळ्यांचंच होतं.

खरी चूक पहिल्याच दिवशी झाली होती, फक्त कळली नाही. जिथं रेंज नव्हती तिथंच मी डबा नेऊन ठेवला, मागच्या खोलीत. अंधार आहे तिथं दिवा लावावा तसं. पण हा दिवा स्वतःच्या तेलावर जळत नाही. त्यालाही ओटीवरच्या डब्याचं बोलणं नीट ऐकू यावं लागतं. डबा ठेवायचा तो अंधारात नाही, अंधार सुरू व्हायच्या आधी. मग एक डबा माजघरात कपाटाशेजारी सरकवला. कपाट लोखंडी. आठवडाभरानं तिथूनही हलवला.

आणि त्या काड्या. रेंजच्या काड्यांनी माझा जेवढा घात केला तेवढा कुणी केला नाही. काड्या फक्त एवढंच सांगतात की जवळचा डबा तुमच्या फोनला किती चांगला ऐकू येतोय. त्या डब्यापासून ओटीपर्यंत काय चाललंय, त्याबद्दल काड्या गप्प. त्यात आमचे डबे दोन बँडचे (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ, अशा दोनच रेडिओपट्ट्यांचे), म्हणजे ज्या 5 गिगाहर्ट्झवर लॅपटॉपशी बोलायचं त्यावरच मागच्या डब्यानं माजघराशी बोलायचं आणि माजघरानं ओटीशी. एकाच तोंडानं ऐकायचं आणि सांगायचं. डब्यावरून डब्यावर जाताना प्रत्येक उडीला वेग साधारण निम्मा होतो. ओटीवर 280 एमबीपीएस, मागं 60. काड्या मात्र दोन्हीकडे भरलेल्या.

साठ पुरत नव्हते का? पुरत होते. व्हिडिओ कॉलला चार-पाच खूप झाले. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी रोज रात्री जेवणं झाल्यावर मी स्पीड टेस्ट लावून बसायचो. ह्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

जुलै 2023 मधली गोष्ट. बायकोचा इंटरव्ह्यू होता, दुसरी फेरी, सकाळी अकराला. मुलगी झाल्यावर चार वर्षं ती घरीच होती, आणि पहिल्या फेरीनंतर तिकडून स्वतःहून फोन आला होता. आदल्या रात्री ती मागच्या खोलीत कागद लावत होती, आणि मी ओटीवर ॲप उघडून बसलो होतो. म्हटलं, उद्या तिचा महत्त्वाचा कॉल आहे, जरा वेग वाढवून ठेवू. चॅनलची, म्हणजे वाय-फाय ज्या रेडिओपट्ट्यावर बोलतं त्याची, रुंदी 80 मेगाहर्ट्झ होती, ती 160 केली. मागच्या खोलीच्या दारात उभं राहून टेस्ट लावली: 140. साठाचे एकशे चाळीस! बारा वाजून गेले होते. तिला सांगायला गेलो तर ती झोपली होती.

सकाळी पाऊस धो धो. दार बंद करून ती बसली. मी माजघरात मुलीला गप्प ठेवत होतो, आतून तिचा आवाज येत होता. ती तिच्या जुन्या प्रोजेक्टबद्दल सांगत होती आणि छान सांगत होती. मग ती थांबली. "हॅलो? ऐकू येतंय का?" परत एकदा. मी दार किलकिलं केलं. स्क्रीनवर तिघंजण गोठलेले, एकाचं तोंड अर्धवट उघडं. खाली कोपऱ्यात वाय-फायच्या काड्या, सगळ्या भरलेल्या.

मी म्हणालो, "काड्या फुल आहेत!"

ती म्हणाली, "मग तूच दे इंटरव्ह्यू."

दोनेक मिनिटांनी आलं. तिनं माफी मागितली, पुन्हा सुरू केलं, पण मघाची लय गेली होती, दारातूनही कळत होतं. दहा मिनिटांत परत गेलं. ह्या वेळी तिनं लॅपटॉप मिटला, फोन घेतला आणि मागल्या दारानं बाहेर पडली. मोबाइलची रेंज आमच्याकडे विहिरीच्या कट्ट्यापाशीच येते, हे तुम्हाला माहीत आहे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात फोन, इस्त्री केलेल्या कुर्त्याखाली घरातली स्लीपर, अशी ती शेवटची बारा-तेरा मिनिटं पावसात उभी राहून बोलली. मी खिडकीतून बघत होतो. नारळाच्या झापांवरून पाणी छत्रीवर पडत होतं, आणि तिकडच्यांना त्याचा आवाज किती येत असेल हाच विचार माझ्या डोक्यात.

त्या वेळी मी करायला हवं होतं ते एक मिनिटाचं काम होतं: मागच्या खोलीतून ओटीवरच्या राउटरला पिंग, म्हणजे छोटासा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघायचं. घरातल्या घरात. ते उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत यायला हवं. आलं तर दोष बाहेरचा, नाही आलं तर दोष घरातला. चार ओळींत निकाल लागतो. मी ते केलं नाही. मी फायबरवाल्याला फोन लावला आणि त्याच्यावर ओरडलो.

तो पोरगा भर पावसात बाइकवरून आला. खांबावर चढला, उतरला, ओटीवर येऊन वायर काढून मीटरला लावली. "दादा, लाइट मायनस एकोणीस येतेय. एकदम चांगली आहे." मग जरा थांबून, अगदी हळू आवाजात, "घरात काही बदललंत का?"

मी "नाही" म्हणालो.

संध्याकाळी राउटरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला. 11:09, रडार आढळला, चॅनल सोडला. 11:21, पुन्हा तेच. झालं होतं ते असं. 5 गिगाहर्ट्झमधले 36 ते 48 हे चॅनल मोकळे. 52 ते 64 मात्र रडारसोबत वाटून घेतलेले. तिथं रडारचा मान आधी. 80 ची रुंदी मोकळ्या भागात मावते. 160 केली की पट्टा 64 पर्यंत पसरतो, म्हणजे अर्धं अंग रडारच्या हद्दीत. रडारसारखं काही ऐकू आलं की राउटरनं ती जागा ताबडतोब सोडायची, अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही, आणि तसल्याच दुसऱ्या पट्ट्यात जायचं तर आधी निदान एक मिनिट गप्प बसून कानोसा घ्यायचा. आमचा ओटीवरचा डबा उठून वरच्या पट्ट्यात गेला, तोही रडारचाच. मागचे दोन डबे त्याला शोधत बसले. लॅपटॉपला मात्र शेजारचा डबा दिसतच होता. म्हणून काड्या फुल. खरा रडार होता की त्या डब्याला भास झाला, ह्यानं काय फरक पडतो? नियम पाळून तो उठला. मीच त्याला त्या खुर्चीत बसवलं होतं.

बायकोला मी सांगितलं, "बाहेरूनच गेलं होतं." आणि गुपचूप 80 केलं.

नोकरी मिळाली नाही. ती वाय-फायमुळे गेली असं मी म्हणत नाही. त्यांनी कारण दिलं नाही, आणि दुसऱ्या कुणाचा अनुभव जास्त असेलही. हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटलंय की ते खरं आहे की नुसतं पाठ झालंय, ते कळेनासं झालंय.

चार दिवसांनी पस्तीस मीटर कॅट-सिक्स, म्हणजे नेटवर्कची वायर आणली. अप्पा ओटीवर पेपर वाचत होते. भोक पाडायचं म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढला. "ही भिंत तुझ्या आजोबांची आहे. तुझं ते बिनवायरचं होतं ना?" मी म्हटलं, "होतं." प्लंबरकडून हातभर लांब ड्रिल बिट मागून आणलं. जांभा तसा मऊ, भोक पडतं. पण लाल भुकटी इतकी उडते की देव्हाऱ्यातली समई दोनदा पुसावी लागली. वायरचे क्लिप मात्र चिऱ्यात धरेनात, खिळा मारला की ढिला. म्हणून ती वायर चौकटीच्या लाकडावरून फिरलीय, आणि म्हणून ती तुमच्या डोळ्यांत येते.

वायर जोडली, टेस्ट लावली: 94. हसू नका. मागच्या खोलीतल्या साठापेक्षा बरं, पण वायरवर 94? तासाभरानं डोक्यात प्रकाश पडला. 94 हा आकडा म्हणजे 100 ची लिंक. आठपैकी एखादी तार नीट बसली नाही की गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएसची, लिंक शंभरावर उतरते. टॉर्च तोंडात धरून कनेक्टर पाहिला. तपकिरी तार शेवटपर्यंत गेलीच नव्हती. कापून पुन्हा क्रिंप केला, म्हणजे तारा नीट घालून कनेक्टर दाबून बसवला. माजघरात 280.

ह्यावर तुम्ही म्हणणार, मग मेश कशाला घेतलंस, दोन साधे राउटर आणि वायर पुरली असती. बरोबर आहे. चूकही आहे. फोन घेऊन हिंडताना कॉल न तुटता डबा बदलतो तो मेशमुळेच. म्हणजे, बहुतेक वेळा. कुठल्या डब्याला चिकटायचं हे शेवटी फोन ठरवतो, राउटर नाही. अप्पांचा फोन मागच्या पडवीत पोचला तरी ओटीवरच्याच डब्याला धरून असतो, मुंबईत तीस वर्षं काढून गावचं रेशनकार्ड न सोडणाऱ्या चाकरमान्यासारखा. माझ्या मावसभावाच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये मेश बिनवायरचं झकास चालतं, मीच त्याला घ्यायला लावलं. त्या फ्लॅटला एका राउटरनंही भागलं असतं, हे त्याला मी अजून बोललेलो नाही.

बायकोला खरं सांगितलं ते दिवाळीत. पणत्या भिजत घातल्या होत्या, मुलगी झोपली होती. मी 160 पासून सुरुवात केली आणि चॅनल 64 पर्यंत पोचलो, तेवढ्यात तिनं थांबवलं. "मला त्याच दिवशी कळलं होतं. आदल्या रात्री मला जाग आली होती. बारा वाजता तू दारात एकटाच मोबाइलकडे बघून हसत होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू कधी बोलतोस ते बघत होते."

पुढच्या मार्चमध्ये तिला दुसरीकडे काम मिळालं. तो इंटरव्ह्यू तिनं रत्नागिरीत मैत्रिणीच्या घरी जाऊन दिला. तेव्हा वायर येऊन आठ महिने झाले होते आणि एकदाही काही तुटलं नव्हतं, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "माहितेय," आणि रिक्षात बसली.

तर, काका, ती वायर त्यासाठी आहे. आणि ती माजघरापर्यंतच आहे. मागची खोली अजून बिनवायरचीच. तिथं न्यायची तर दुसरं भोक हवं, आणि त्या भिंतीच्या पलीकडे देवघर आहे. मी हे अप्पांकडे काढलेलं नाही. परवा मात्र त्यांचा मागच्या खोलीत बसून नातीशी चाललेला कॉल दोनदा अडकला, तेव्हा ते स्वतःच ओटीवर आले, निळ्या वायरचं ते भोक जरा वेळ न्याहाळलं, आणि विचारलं, "ते ड्रिल कुणाचं होतं रे?"