आडवं टांगलेलं घोंगडं

जुलैमधल्या एका सकाळी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, तुमच्या पेंटिंगला मेंढीचा वास येतोय. आणि ते खाली येतंय."

पहिल्या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर होतं. मेंढीच्या लोकरीला मेंढीचाच वास येणार, मोगऱ्याचा कुठून येईल? 'खाली येतंय' म्हणजे काय, ते मात्र कळेना.

मी साताऱ्यात राहते आणि काळ्या घोंगड्यावर पांढऱ्या, न रंगवलेल्या लोकरीनं भरतकाम करते. धनगरांचा गजी नाच, ढोल, बिरोबाची जत्रा, उधळलेला भंडारा. पिवळा रंग वापरते तो तेवढा भंडाऱ्यापुरताच. कासच्या रस्त्यावरच्या या हॉटेलसाठी नऊ फूट बाय सहा फुटांचं काम केलं होतं. चौदा गजीकर एका रांगेत, हातातले रुमाल वर फेकलेले. मार्चमध्ये लॉबीत टांगलं तेव्हा लोकांनी फोटो काढले होते. माझीही कॉलर ताठ झाली होती, खोटं कशाला बोलू?

ते घोंगडं विणणारे सनगर तात्या नेमके त्या दिवशी डोळे तपासायला माण तालुक्यातल्या म्हसवडहून साताऱ्यात आले होते. त्यांना गाडीत घातलं. यवतेश्वरचा घाट चढताना धुक्यात समोरचं काही दिसत नव्हतं, वायपर नुसता हात हलवत होता. तात्या काचेतून बघत म्हणाले, "ह्यातलं निम्मं पाणी आमच्या माणात पडलं असतं, तर जनावरांना छावण्या कशाला लागल्या असत्या?"

लॉबीत पोचलो. घोंगड्याला मधोमध पोट सुटलं होतं. दोन पट्टे जोडलेला सांधा हातभर उसवला होता आणि खालच्या कडेला बुरशीचे पांढुरके ठिपके उठले होते. लांबून बघणाऱ्याला ते माझ्या भरतकामातलेच वाटले असते. तात्यांनी एक कोपरा चिमटीत धरून चुरगळला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "खळ आंबली."

घोंगड्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून सोलायचे, भिजवायचे, वाटून शिजवायचे. ती खळ आधी ताण्याच्या, म्हणजे लांबीतल्या धाग्यांच्या, सुताला देतात आणि विणून झाल्यावर कुंच्यानं सगळ्या घोंगड्याला चोपडतात. त्यानं ते ताठ होतं, पाऊस अंगावरून ओघळून जातो. पण तात्यांचं म्हणणं असं, की मेंढक्याचं घोंगडं रोज माणसाच्या अंगावर असतं, ऊन खातं, शेकोटीचा धूर खातं. "तुझं भिंतीवर उपाशी टांगलंय. वर पावसाळा."

मग त्यांनी बोटानं विणीचा अंदाज घेतला आणि माझ्याकडे वळले. "पोरी, आडवं टांगलंस व्हय?"

हो. नऊ फूट आडवं, सहा फूट उभं. रांगेसाठी मला तसंच हवं होतं. पण घोंगड्यात बळ असतं ते ताण्यात. पिळदार सूत, वर खळ खाल्लेलं. बाणा, म्हणजे रुंदीतला धागा, मऊ असतो, नुसता. आडवं टांगल्यावर सगळा भार बाण्यावर आणि सांध्यावर आला, त्यात माझ्या भरतकामाची लोकर. चार वर्षं घोंगड्यावर काम करत होते आणि त्याचं वजन कोण उचलतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"पण तात्या, उभं टांगलं तर माणसं आडवी होतील!"

मॅनेजर फिस्सकन हसला. तात्या हसले नाहीत. "गजीत रांग कुठं बघितलीस तू? ढोलवाले मधी, बाकी समदी भोवतीनं."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. म्हसवडच्या जत्रेत मी ती पाहिली आहे, मोबाईलमध्ये साठवली आहे. पण एका बाजूला उभं राहून बघितलं की जवळच्या माणसांची रांगच दिसते, आणि रांग भिंतीवर छान बसते. रिंगण मीच सरळ केलं होतं. लोककलेवरून काम करते असं सांगताना ही कारागिरी मी कधी सांगितलेली नाही.

साताऱ्यात ऊन मिळायचं नाव नव्हतं. घोंगड्याची वळकटी मागच्या सीटवर टाकली आणि दुसऱ्या दिवशी दहिवडीमार्गे म्हसवड गाठलं. जिल्हा तोच, पण पुसेगाव सोडल्यावर आभाळ कोरडं आणि वारा भरभरता. तिथं दोन दिवस घोंगडं खाटेवर उन्हात पडलं होतं. तात्यांनी बुरशी झटकली, सांधा नव्यानं शिवला, खळीचा हात दिला. गाडीभाडं हॉटेलनं दिलं नाही, ते असो.

गजीकर मी एकेक करून उसवले. नवं रिंगण आखलं, मधे दोन ढोल, भोवती माणसं, सगळ्यांचे पाय ढोलांकडे. त्यामुळे आता ते कसंही टांगलं तरी कुणी पडत नाही. टांगलंय मात्र उभंच.

तेरा जण उसवून झाले होते. चौदाव्याला सुई लावली, तेवढ्यात तात्या म्हणाले, "त्याला ऱ्हाऊ दे. एकजण असतोयच रिंगणाबाहेर, चिलीम वढत."

तो अजून तिथंच आहे. उभ्या घोंगड्यावर, डाव्या कडेला, आडवा.